खुर्चीवरून बोलता येत नाही

अध्यक्षबाईंनी स्वतःच्या हातांनी खुर्ची मागे ओढली आणि मला म्हणाल्या, “या, बसा.”

मी बसले. टाळ्या वाजल्या. कोपऱ्यात उभ्या असलेल्या फोटोग्राफरने टेबलावरच्या पितळी घंटेवर हात ठेवायला सांगितलं. मी ठेवला. जरा हसा, म्हणाला. मी हसले.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपमान असा झाला. टाळ्यांसकट. फोटोसकट.

तो फोटो तुमच्याकडे आहे. तुमच्या बाबाने तो मागच्या वर्षी मोठा करून घेतला आणि तुमच्या तिकडच्या घरात जेवणाच्या टेबलासमोर लावला. धाकटा फोनवर म्हणाला, आजी, तू राणीसारखी दिसतेस. मोठीने विचारलं, तू तेव्हा प्रेसिडेंट होतीस का? मी म्हटलं, थोडा वेळ. 

त्या थोड्या वेळात काय झालं, ते लिहून पाठवते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. लागू द्या. इंग्रजीत सांगणं मला जड नाही, जन्मभर तेच शिकवलं. पण हे मराठीत घडलं. अतिशय शुद्ध, गोड मराठीत.

आणीबाणीच्या आधीची ती वर्षं. मी नागपुरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. वस्तीतली पहिली एम.ए. माझे वडील गिरणीत होते, ते लवकर गेले. दीक्षा झाली त्या दिवशी मी बारा वर्षांची होते. पांढरं लुगडं नेसलेल्या मायच्या मागे मागे चालत गेले होते, एवढं आठवतं. पुढे शिकले, नोकरी लागली, लग्न झालं. माय माझ्याकडेच राहायची.

धरमपेठेतल्या बायकांचं एक मंडळ होतं. ते मुलींचं वसतिगृह चालवायचं. बाहेरगावाहून नागपूरला शिकायला येणाऱ्या मुली तिथे राहायच्या. मंडळाच्या सभाही तिथेच भरायच्या. मंडळाच्या अध्यक्षबाई एक दिवस माझ्या घरी आल्या. आमच्या वस्तीत, स्वतःची मोटार घेऊन. मायने दिलेलं पाणी त्या प्याल्या. वस्तीत आठवडाभर त्याच पाण्याची चर्चा होती. त्यांना मला समितीवर घ्यायचं होतं, उपाध्यक्ष म्हणून. तुमच्यासारख्या शिकलेल्या मुलींनी पुढे यायला हवं, असं म्हणाल्या. मला बरं वाटलं. अनुदानासाठी समितीवर आमच्यातलं कुणीतरी दिसावं लागतं, हे नंतर कळलं.

बाई वाईट नव्हत्या. हे मुद्दाम लिहिते. आवाज चढवत नसत. प्रत्येकीला अहो-जाहो. त्यांचे वडील जुन्या प्रांताच्या विधानसभेत होते, त्यामुळे सभा कशी चालवायची याचं त्यांना फार अगत्य. हिवाळी अधिवेशन भरलं की त्या आम्हा सगळ्यांना पास काढून गॅलरीत न्यायच्या. तिथे सभागृहाचे अध्यक्ष मधेच उठून आत गेले की तालिकेवरचा, म्हणजे अशा वेळी बसायला आधीच नेमलेला, एखादा सदस्य शांतपणे येऊन त्यांच्या जागी बसायचा. काम थांबायचं नाही. बाई कानाशी वाकून म्हणायच्या, पाहिलंत? माणूस उठतो, खुर्ची उठत नाही.

तसंच त्यांनी मंडळात लावलं होतं. टेबलाच्या डोक्याशी उंच पाठीची, हातांची खुर्ची. पुढ्यात घंटा. नियम असे: खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीने वादात पडायचं नाही. मत द्यायचं नाही, समसमान मतं पडली तरच द्यायचं. अध्यक्षांना एखाद्या विषयावर स्वतः बोलायचं असेल तर त्यांनी खुर्ची सोडायची, उपाध्यक्षांनी बसायचं, आणि त्या विषयाचा निकाल लागेपर्यंत अध्यक्षांनी परत यायचं नाही. मला हे सगळं आवडायचं. मी शिस्तीची बाई आहे. आमच्या लोकांना आजवर ज्याने त्याने मनाला येईल तसं वागवलं. नियम असला की माणसाच्या मर्जीवर राहावं लागत नाही, असं मला वाटायचं.

आता वसतिगृहाचं. स्वयंपाकाला गयाबाई होत्या, पण सकाळच्या पोळ्या एकटीच्याने उरकत नसत. म्हणून रोज दोन मुली त्यांच्या हाताखाली. कणीक मळायची, पोळ्या लाटायच्या. मुली त्याला बारी म्हणायच्या. बारी कुणालाच आवडत नसे. थंडीत पहाटे उठावं लागे. पण ज्यांची बारी असे त्या चुलीजवळ शेकत बसत, गाणी म्हणत, पहिली गरम पोळी तिथेच तूप लावून खात. वसतिगृहातल्या मैत्र्या त्या चुलीपुढे व्हायच्या.

शकुन नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत कामाला. सरकारी शिष्यवृत्तीवर बी.ए.ला आली होती. सडपातळ, मोठ्या आवाजाची, हसरी. वसतिगृहात शिष्यवृत्तीवरच्या तिघीच होत्या. शकुन, कन्हानकडची कोळसा खाणीतल्या कामगाराची एक मुलगी, आणि एक भंडाऱ्याकडची. तिघी आमच्यातल्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे.

शकुन गावाहून येताना पिशवीभर संत्री आणायची. सगळ्या मुली तिच्या खाटेवर बसून खायच्या. मी एकदा पाहिलं आणि आनंदले. घरी येऊन तुमच्या आजोबांना म्हणाले, जग बदलतंय बरं का. संत्र्याला साल असते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. ज्याने त्याने आपल्या हाताने सोलून खायचं असतं.

त्या वर्षी गांधीबागेतल्या एका कापड व्यापाऱ्याची भाची वसतिगृहात आली. मामा मंडळाचे देणगीदार. दिवाळीनंतर मामा येऊन अध्यक्षबाईंपाशी बसून गेले. काय बोलले, ते मला कुणी सांगितलं नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय आला. शिष्यवृत्तीधारक मुलींना स्वयंपाकाच्या कामातून मोकळीक.

मी तीनदा वाचलं. किती सुंदर वाक्य. त्यात जात नाही. त्यात शिवी नाही. त्यात दयाच दया.

मी बोलायची तयारी करून गेले. सभेला निघताना मायने विचारलं, एवढी काहून कडक इस्त्रीची साडी नेसून राहिली? मी म्हटलं, आज बोलायचं आहे.

फोटोग्राफर आधीच येऊन थांबला होता. बर्डीच्या बाजारातल्या स्टुडिओतला. मला वाटलं, अहवालासाठी असेल.

विषय आला तेव्हा अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. हा ठराव त्या स्वतः मांडणार आहेत, म्हणून नियमाप्रमाणे त्यांना खुर्ची सोडावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या की आजचा दिवस मंडळासाठी अभिमानाचा आहे. आपल्या उपाध्यक्षा आज प्रथमच अध्यक्षस्थान भूषवतील.

आणि त्यांनी खुर्ची मागे ओढली.

मला उठावं लागलं. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. मी टेबलाच्या शेवटच्या टोकाला बसायचे, तिथून त्या खुर्चीपर्यंत चालत जाताना मला खरंच मायची आठवण आली. मायने पाहायला हवं होतं, असं वाटलं. आणि मी बसले. हसले. फोटो निघाला.

मग बाई बाजूच्या साध्या खुर्चीपाशी उभ्या राहून बोलल्या. या मुली किती लांबून येतात. घरी किती हाल सोसतात. पुस्तकाला मिळायचा वेळ चुलीपुढे जातो. बाकीच्यांना मागे सांभाळणारे आहेत, यांना कोण? आपण समाजाचं देणं लागतो. एक-दोघींनी डोळे पुसले.

मी घंटेला हात लावला आणि म्हणाले, “मला यावर बोलायचं आहे.”

चिटणीस कुमुदताई माझ्या उजव्या हाताला बसल्या होत्या. हळू आवाजात, अगदी अदबीने म्हणाल्या, “मॅडम, खुर्चीवरून बोलता येत नाही.”

समोरून अध्यक्षबाई हसल्या. “आज तुम्ही अध्यक्ष आहात. अध्यक्षाला बाजू नसते.”

मी तिथे बसले होते. सगळ्यांत उंच जागी. तोंड असून. माझ्या खाली टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या आणि त्यांतली कुणीही बोलू शकत होती. जिच्या लोकांबद्दल चाललं होतं ती एकटी नाही.

मत घ्यायला मीच सांगितलं. हात वर झाले. सगळे. निकाल खुर्चीने जाहीर करायचा असतो. कुमुदताईंनी कागद पुढे सरकवला, पण कागदाची गरज नव्हती. मी म्हणाले, “ठराव एकमताने मंजूर.”

एकमताने. माझ्याच तोंडून.

मग घंटा वाजवली. बाईंनी येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले. किती छान सांभाळलंत, म्हणाल्या. खुर्ची परत त्यांची झाली. मी माझ्या टोकाला जाऊन बसले. पुढचा विषय पडद्यांच्या कापडाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुनची बारी होती. ती केस बांधून स्वयंपाकघराच्या दारात गेली. गयाबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी परातीवरून मान वर न करता सांगितलं, “तू नोको येऊ वं आता. तुले सुटी देल्ली.”

हे मला शकुननेच सांगितलं. ती कॉलेजात मला शोधत आली. स्टाफरूमच्या बाहेर उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना.

“मॅडम, म्या सुटी मांगतली होती का?”

मी म्हटलं, नाही.

“मंग काहून देल्ली?”

तिला उत्तर माहीत होतं. मलाही. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी इकडचं तिकडचं बोलू लागले. मग ती म्हणाली, “खुर्चीवर त तुमीच होत्या म्हनते.”

मी तिला नियम समजावला. खरंच समजावला. अध्यक्षाला बोलता येत नाही, मत देता येत नाही, हे असं असतं, विधानसभेतही असतं. वर्गात शिकवते तसं शिकवलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, “मंग खालीच बसल्या असत्या तर बरं झालं असतं न, मॅडम.”

आणि तासाला निघून गेली.

मी त्या दिवशी पुढचा वर्ग घेतला. काय शिकवलं आठवत नाही. घरी येताना सायकलरिक्षात डोक्यात एकच चित्र. बाई उठल्या, मी बसले. बाई उठल्या, मी बसले. त्या बोलण्यासाठी उठल्या होत्या. मला गप्प करण्यासाठी बसवलं होतं. एकाच नियमात दोन्ही कामं. शकुनला सुट्टी दिली, मला खुर्ची दिली. दोघींना मिळालं. दोघींचं गेलं.

घरात शिरले तर माय शेजारणींना घेऊन बसलेली. वर्तमानपत्रात फोटो आला होता. माय अक्षर ओळखत नव्हती, पण फोटोवर बोट ठेवून सांगत होती, “बाई उभी हाय पाहा, अन् माही पोरगी बसली.” तिने तो फोटो स्टुडिओतून मागवला, काच लावून घेतली. तुमच्या भिंतीवर आहे तो तिथूनच आला. आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या अंगणात उभी राहिली होती.

वसतिगृहात एक सुट्टी दुसरीला घेऊन आली. तिघींना पोळ्या नाहीत, तर मग भाजी चिरायलाही कशाला? वाढायलाही कशाला? मुलींमध्ये कुणी भांडलं नाही, कुणी टोचून बोललं नाही. त्यांना फक्त हाक येईनाशी झाली. सकाळी चुलीपुढून हसण्याचा आवाज यायचा आणि या तिघी आपल्या खोलीत पुस्तक उघडून बसायच्या. अभ्यासाला वेळच वेळ. व्यापाऱ्याची भाची जाता जाता म्हणायची, मजा आहे बुवा तुमची. शकुनच्या संत्र्यांची पिशवी खाटेखाली तशीच राहिली. खोलीभर वास सुटला तेव्हा तिने ती नेऊन टाकली.

तिने मला सांगितलं की ती गावी परत जाते. मी म्हटलं, थोडे दिवस थांब. पुढच्या सभेत मी हा ठराव रद्द करायला लावते. ती म्हणाली, “थांबतो. पन यावेळी खाली बसा, मॅडम.”

ठराव रद्द करण्याची सूचना मी रीतसर दिली. आदल्या दिवशी अध्यक्षबाईंचा फोन कॉलेजात आला. खूप प्रेमाने बोलल्या. तुमची भावना मी समजू शकते, म्हणाल्या. आपण शांतपणे चर्चा करू.

सभेत विषय आला. त्या उठल्या. मूळ ठराव त्यांचा, म्हणून त्यांनी खुर्चीवर बसणं योग्य नाही, उपाध्यक्षांनी यावं. तेच. तसंच. खुर्ची मागे ओढली. या वेळी फोटोग्राफर नव्हता.

मला वाटलं होतं, जागेवरूनच नाही म्हणावं. पण मी उठले. चालत गेले. बसले. घंटा वाजवली. विषय वाचून दाखवला. बाई साध्या खुर्चीवर बसून पदर सावरत होत्या. त्यांचा चेहरा निवांत होता.

मग मी म्हणाले, “मला या विषयावर बोलायचं आहे. म्हणून मी खुर्ची सोडते.”

आणि उठून माझ्या टोकाला येऊन बसले.

कुणाला काही कळेना. कुमुदताई म्हणाल्या, असं कसं, आत्ताच तर बसलात. मी म्हटलं, मागच्या महिन्यात अध्यक्षबाई अशाच उठल्या होत्या. बाईंनी हसून विषय आवरता घ्यायचा प्रयत्न केला. बरं, मग मीच बसते, म्हणाल्या आणि निघाल्या.

“ताई,” मी म्हणाले, “तुम्ही या विषयासाठी खुर्ची सोडली आहे. निकाल लागेपर्यंत तुम्हाला परत बसता येत नाही.”

त्या मधेच थांबल्या. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये. त्यांचाच नियम होता. त्यांच्या वडिलांचा होता. तो मोडायची त्यांना सवय नव्हती.

खुर्ची रिकामी. टेबलावर घंटा. आता कुणीतरी बसायला हवं होतं. बाईंनी एकीकडे पाहिलं. तिने घसा बसल्याचं सांगितलं. दुसरीकडे पाहिलं. ती म्हणाली, मला यावर दोन शब्द बोलायचे आहेत. तिसरीने गुडघ्याचं कारण काढलं. बसायला गुडघा लागत नाही, असं कुणीतरी हळूच म्हणालं आणि एकजण फिसकन हसली. चौथी मात्र सरळ बोलली. “नको बाई. मला मत द्यायचं आहे.”

सगळ्यांना कळत होतं की तिथे बसलं की तोंड जातं आणि हात जातो. मागच्या महिन्यातही कळत होतं. त्या टाळ्या कळून वाजवल्या होत्या.

मी म्हणाले, “मागच्या वेळी हा मान होता.”

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटी मालतीकाकूंना बसवलं. त्या सभेला विणकाम घेऊन यायच्या, विषय कुठला हे त्यांना ठाऊक नसायचं. लोकरीचा गुंडा त्यांनी घंटेशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, बोला.

मी उभी राहिले. तयारी केली होती त्यातलं एकही वाक्य बोलले नाही. मी म्हटलं, या मुलींनी सुट्टी मागितलेली नाही. पहाटे उठायचा त्यांना कंटाळा नाही, त्यांच्या आया त्याहून आधी उठतात. त्यांना चुलीपुढची जागा हवी आहे. ती काढून घेतली आणि वरून मेहरबानी म्हणून सांगितलं.

अध्यक्षबाई दुखावल्या. खरंच दुखावल्या, ते नाटक नव्हतं. म्हणाल्या, “तुम्ही यात उगाच जात आणता आहात. ठरावात आहे का कुठे जात?”

“नाही,” मी म्हणाले. “म्हणूनच म्हणते, लिहा. या मुलींच्या हातची पोळी आम्हाला चालत नाही, असं लिहा. मग मंजूर करा.”

काकूंच्या सुया थांबल्या. बाहेर व्हरांड्यात दोरीवर कपडे वाळत होते आणि त्यांच्यामागे शकुन उभी होती. तिचे पाय दिसत होते. ती कपडे काढत नव्हती.

मत घेतलं. ठराव रद्द करावा, या बाजूने माझा हात वर होता. कुमुदताईंचा हात टेबलाच्या कडेपर्यंत आला. मी पाहिला. तो तिथेच राहिला. मग त्यांनी पेन उचललं.

बाकी सगळे हात दुसऱ्या बाजूने. काकूंना काय म्हणायचं ते सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, “सूचना नामंजूर.” आणि लोकर गोळा करायला लागल्या.

शकुन दुसऱ्या दिवशी गेली. मी एसटी स्टँडवर गेले होते. तिची ट्रंक, एक वळकटी. नरखेडची गाडी लागलेली होती. तिला थांबवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हटलं, माझ्या घरी राहा. ती म्हणाली, “तुमच्या घरी राहून काय मॅडम, मी वसतिगृहात राहाले आलती.”

गाडी सुटायच्या आधी खिडकीतून म्हणाली, “तुमी उठल्या तवा घंटी वाजली नाही. म्या कान देऊन होती.” मग जरा थांबून, “तुमाले काढतीन का आता?”

मी म्हटलं, काढू दे.

तिने मान हलवली. गाडी गेली.

तिने बी.ए. पूर्ण केलं नाही. तिच्या गावच्या पत्त्यावर मी पत्रं लिहिली. एक उत्तर आलं, लग्न ठरल्याचं. पुढे तिची मुलगी शिकली, मोठी झाली, असं लिहून मला हे गोड करता आलं असतं. मला काहीच माहीत नाही. दरवर्षी दीक्षेच्या दिवशी गर्दीत मी नरखेडकडच्या बायकांकडे पाहते. आता भेटली तरी ओळखू येणार नाही.

मला कुणी काढलं नाही. त्यांच्यात तशी रीत नव्हती. पुढच्या निवडणुकीत माझं नाव कुणी सुचवलं नाही, एवढंच. माय माझ्यावर रागावली. तिला कुणीतरी वस्तीत सांगितलं होतं. “एवढ्या वर्षांनी आपल्यातलं कोनी त्या जागेवर बसलं,” म्हणाली, “अन् तू उठून आली. काहून उठली वं?” मी सांगितलं, माय, तिथून बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, “बोलून काय भेटलं?” खरंच काही भेटलं नव्हतं. पोरगी गेली होती. मायने फोटो उतरवला नाही. ती गेली तोपर्यंत रोज त्याची काच पुसायची. आम्ही दोघी त्या फोटोत वेगवेगळं पाहत होतो, आणि मला तिचं खोडून काढवलं नाही.

मी मंडळ सोडलं नाही. साधी सभासद म्हणून राहिले. टेबलाच्या त्याच टोकाला. दरवर्षी तीच सूचना द्यायची, दरवर्षी नामंजूर. बायका कंटाळायच्या. आल्या बघा, असं एकमेकींकडे बघायच्या. पुढे वसतिगृहाने मेसवाला ठेवला आणि बारीच बंद झाली, सगळ्यांची. तो ठराव आजतागायत रद्द झालेला नाही. त्याची गरज संपली, इतकंच. ज्यांच्यासाठी तो रद्द व्हायला हवा होता त्या तिघी तोवर कुठल्या कुठे गेल्या होत्या.

मोठीने सांगितलं की तिच्या ऑफिसात सगळ्यांना सामावून घेण्यासाठी एक समिती केली आहे आणि तिला तिचं अध्यक्ष केलं आहे. वर्णाने वेगळी ती एकटीच आहे, हेही तिनेच हसत सांगितलं. बाळा, मी तुला ते पद घे म्हणत नाही, नको म्हणत नाही. तिथल्या घंटेचे नियम मला माहीत नाहीत. तू ते बसण्याआधी वाच.

फोटो भिंतीवरून काढू नका. तो तुमच्या पणजीने पुसलेला फोटो आहे. पण कुणी विचारलं, ही कोण राणी, तर सांगा की राणी नव्हती. तिला त्या वेळी बोलायची मनाई होती. महिनाभराने ती तिथून उठली. उठल्याचा फोटो कुणी काढला नाही.

मला पुढे पुष्कळ खुर्च्या मिळाल्या. कॉलेजात, संस्थांत, सत्कारांत. आता म्हातारपणी तर जास्तच मिळतात, हात धरून नेतात. कुणी हसत हसत खुर्ची मागे ओढली की मी उभीच राहते. आधी विचारते, विषय कोणता आहे? विषय आमचा असेल, तर खुर्ची तुमच्याजवळ ठेवा. मला बोलायचं आहे.